सहा खुर्च्यांचा हिशेब

मी अमरावतीच्या एका उर्दू शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. माहेर अकोल्याचं. भाईजानची तिथे तुरीची डाळमिल आहे. घरात कुठलाही मोठा खर्च निघाला की त्यांचा फोन येतो, "मास्तरीण, जरा हिशेब बघून दे." बोअरवेल, मिलचं नवं मशीन, अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळ्यांचे आकडे माझ्या वहीत आहेत. पण २०२५ च्या रमजान ईदला, बासी ईदच्या दुपारी, शीरखुर्म्याच्या वाट्या उचलता उचलता त्यांनी जो हिशेब पुढे ठेवला, तसा मी जन्मात केला नव्हता. घरासाठी विमान घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कोणतं?

हसू नका. मी हसले होते, तर भाभींनी डोळे वटारले. समोर भाचा बसला होता.

या भाच्याला पायलट करण्यासाठी भाईजानने चार एकर शेत विकलं. बँकेच्या व्याजाच्या वाटेला जायचं नाही, ही आमच्या अब्बांची शिकवण, म्हणून कर्ज नाही, जमीनच गेली. पोराने दोनशे तासांचं उड्डाण पूर्ण केलं, परीक्षा दिल्या, कमर्शियल लायसन्स हातात आलं. आणि मग दीड वर्ष तो घरी बसून होता. एअरलाइनची जाहिरात निघायची, हजारो अर्ज जायचे, याचा नंबर लागायचा नाही. सकाळी मिलवर जाऊन वजनपावत्या लिहायच्या, दुपारी गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघायचं. मोहल्ल्यातली माणसं सलाम करताना विचारायची, "काय कॅप्टन, कधी उडणार?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसायचं, पण पोरगा हळूहळू घराबाहेर पडेनासा झाला होता.

त्यातून ही कल्पना निघाली. भाईजानना महिन्यातून एकदा तरी मुंबईला जावं लागतं, हैदराबाद आणि इंदूरचे व्यापारीही आहेत. भाभींचं माहेर हैदराबादचं, तिथे वर्षाला दोन लग्नं ठरलेली. पोरगा म्हणाला, "अब्बू, जुनं सहा सीटचं विमान घेऊ. मी चालवीन. धंदाही होईल आणि घरचे प्रवासही." पैसा कुठून? तर अब्बांनी घेऊन ठेवलेला बायपासजवळचा प्लॉट.

मशवऱ्याला बसलेल्या सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "मला महिनाभर द्या. आधी हे प्रकरण समजून घेऊ द्या."

भाच्याने मला शिकवलं, असंच म्हणायला हवं. पिस्टनचं विमान म्हणजे मोटारीच्याच जातीचं इंजिन. सिलिंडर, पिस्टन, स्पार्क प्लग, आणि पुढे फिरणारा पंखा. जेटची भानगड नाही. हिंदुस्थानातली नागरी विमानसेवा सुरू झाली तीच असल्या इंजिनावर. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते पस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून. आणि सहा सीटच्या विमानाची गोष्ट निघाली की भाच्याचे डोळे चमकतात ते कॅप्टन अमोल यादव यांच्या नावाने. या मराठी पायलटने मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी विमान स्वतः बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ते मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मुंबईकरांनी पाहिलं. २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण चाचणी झाली. गच्चीवरून धुळ्याच्या आभाळात जायला किती वर्षं लागली आणि किती दारं ठोठवावी लागली, तो भाग भाचा भरभर सांगतो. मी मात्र तिथेच थांबून विचारत असे.

आपल्याला बांधायचं नव्हतं, निवडायचं होतं. त्याने तीन नावं काढली होती. पहिलं सेसना २०६. पंख वर, चाकं कायम बाहेर, दिसायला ओबडधोबड. आपल्याकडच्या जुन्या जीपसारखं, काहीही लादा आणि चला. दुसरं बोनान्झा. या घराण्याची विमानं १९४७ पासून बनताहेत. पंख खाली, चाकं पोटात जातात, देखणं आणि वेगवान, ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. भाच्याचं मन यावर बसलं होतं. तिसरं पायपर सेनेका, दोन इंजिनांचं. ते भाभींच्या पसंतीचं, कारण "एक बंद पडलं तर दुसरं आहे ना."

भाभींचं म्हणणं मलाही पटलं होतं. भाच्यानेच ते खोडून काढलं. दोनपैकी एक इंजिन बंद पडलं, तर ताकद निम्मी होते हे खरं. पण विमानाला नुसतं तरंगत राहायलाच बरीचशी ताकद लागते. वर चढायला जी शिल्लक असते, ती निम्म्याने नाही, जवळजवळ सगळीच जाते. मग ते विमान कसंबसं चढतं, उन्हाळ्यात भरलेलं असेल तर तेही नाही. पायलटचा सराव कच्चा असेल तर दुसरं इंजिनच विमानाला एका अंगावर लोळवतं. शिवाय दोन इंजिनं म्हणजे पेट्रोल दुप्पट, दुरुस्ती दुप्पट. पोरगा हे सांगत होता तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की याला खरंच विद्या आली आहे. मिलवर बसून वजनपावत्या लिहायचा हा मुलगा नव्हे.

आता आकडे. विमानाच्या प्रत्येक नगाबरोबर त्याचा वजनाचा कागद येतो. रिकामं वजन किती, जास्तीत जास्त किती वजनाने उडायची परवानगी आहे. दोन्हींची वजाबाकी केली की जे उरतं, त्यात माणसं, सामान आणि पेट्रोल, सगळं बसवायचं. मी म्हटलं, चला, मग आपली माणसं तोलू.

मिलमध्ये पोती तोलायचा प्लॅटफॉर्म काटा आहे. रविवारी मिल बंद असताना आम्ही सगळे तिथे गेलो. भाईजान, भाभी, अम्मी, भाचा, भाची आणि मी. सहा सीट, सहा माणसं. माझे मिस्टर आणि माझा मुलगा यादीत नव्हतेच. ते म्हणाले, "आमचं रेल्वेचं बरं आहे." अम्मी काट्यावर चढेनात. "मी काय तुरीचं पोतं आहे?" शेवटी भाचीने त्यांचा हात धरून दोघींचं वजन एकत्र केलं आणि मग तिचं वजा केलं. भाभींनी काट्यावर चढायच्या आधी करार करून घेतला, की त्यांचं वजन कुठेही लिहायचं नाही. तो करार मी इथेही पाळते आहे. एकूण तेवढी सांगते, ४१२ किलो. हैदराबादच्या लग्नाला जायचं तर कपडे, भेटवस्तू आणि परतीची मिठाई धरून ५८ किलो सामान. झाले ४७०.

मग मी भाच्याने आणलेला त्याच्या आवडत्या बोनान्झाचा कागद उघडला. वजाबाकी केली. उरत होते साधारण ४७० किलो.

मी दोनदा तपासलं. आमचं कुटुंब त्या विमानात नेमकं बसत होतं. फक्त पेट्रोलला जागा नव्हती.

भाची खिदळली. भाचा गप्प झाला. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. वजनाची गणितं तर त्यांना पहिल्या महिन्यात शिकवतात. पण घरची माणसं त्याने कधी काट्यावर बघितली नव्हती, मनातल्या मनात ती सगळी हलकीच होती.

तेव्हा कळलं की सहा सीट हा खुर्च्यांचा आकडा आहे, माणसांचा नाही. टाकी पूर्ण भरली तर त्या बोनान्झात तीन-चार माणसं. सहा बसवली तर टाकी रिकामी. सेसना २०६ या बाबतीत उदार. तिचा कागद सहाशे किलोंच्या आसपास जागा देत होता. ४७० वजा जाता १३० किलो उरतात. विमानाचं पेट्रोल लिटरला सुमारे ७२० ग्रॅम भरतं, म्हणजे १८० लिटर. तासाला साठ लिटर धरा, तीन तास. त्यातला पाऊण-एक तास राखीव ठेवायचाच, त्याला हात लावायचा नाही. उरले दोन तास, ताशी २६० किलोमीटरने पाचशे किलोमीटर. अकोल्याहून हैदराबाद सरळ रेषेत चारशेच्या आसपास, बसतं. मुंबई पावणेपाचशे, जेमतेम बसते. पण समोरून वारा असला, किंवा मुंबईवर घिरट्या घालत थांबायला सांगितलं, तर?

शिवाय कोण कुठे बसणार हाही प्रश्न. वजन पुढे-मागे कुठे पडतं त्यावर विमानाचा तोल असतो. जड माणसं पुढे, हलकी मागे. म्हणजे भाईजान पायलटशेजारी, मधे भाभी आणि मी, आणि शेवटच्या रांगेत अम्मी आणि भाची. घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला सगळ्यांत मागे बसवायचं, हे भाईजानना मान्य होईना. अम्मीला त्याचं काही नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मी चढू कुठून?"

हा प्रश्न आम्हा शिकलेल्यांपैकी कुणालाच सुचला नव्हता. पंख खाली असलेल्या छोट्या विमानांत पुढच्या सीटवर जायचं तर पंखावर पाय देऊन चढावं लागतं. बोनान्झाला आणि सेनेकाला मागे वेगळा दरवाजा आहे, तिथून मागच्या खुर्च्यांवर जाता येतं. सेसना २०६ ला मागे उजवीकडे मोठा दुहेरी दरवाजा आहे, पोतं घालावं इतका. पण पंखांचे फ्लॅप खाली असले तर त्यातलं पुढचं दार नीट उघडत नाही, फ्लॅप आडवा येतो. म्हणजे अडचणीच्या वेळी मागच्या रांगेतल्या माणसाने काय करायचं, ते आधी समजावून ठेवावं लागतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या अम्मीला आम्ही ते समजावणार होतो.

एप्रिल संपून मे आला. आमच्या वऱ्हाडाचा मे तुम्हाला सांगायला नको. अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला की रस्ते ओस पडतात. याचाही विमानाशी संबंध आहे, तो मी नंतर नववीच्या वर्गातही शिकवला. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखाला आधार कमी, पंख्याला पकड कमी आणि इंजिनाला श्वास कमी. अकोलं समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटरवर. पण ४५ अंशांच्या दुपारी विमानाला वाटतं आपण साधारण साडेचौदाशे मीटरवर आहोत. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात अकोल्याच्या सपाट मैदानावर उभं असलेलं विमान चिखलदऱ्याच्याही वर उभं असल्यासारखं हाफतं. वर्गात एका मुलीने विचारलं, "मग मॅडम, त्याला थंडी का नाही वाजत?" वर्ग हसला, पण प्रश्न वाईट नव्हता, एक तास त्यावरच गेला.

विरळ हवेत धावपट्टी लांब लागते. आमचं शिवणीचं विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, धावपट्टी आखूड. ती वाढवण्याची बोलणी मी लहानपणापासून ऐकते आहे, कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी येऊन ती थांबतात. अमरावतीचं बेलोरा मात्र पुढे गेलं. १८५० मीटरची धावपट्टी झाली आणि १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं पहिलं प्रवासी विमान तिथे उतरलं. त्या दिवशी आमच्या शाळेतली अर्धी मुलं गच्चीवर होती आणि त्यांना खाली बोलवायला गेलेले आम्ही शिक्षकही तिथेच उभे राहिलो. तर विमान ठेवायचं बेलोऱ्याला आणि मालक राहणार अकोल्याला. विमानात बसायला आधी शंभर किलोमीटर गाडीने जायचं.

आणि पेट्रोल? हे मोटारीचं पेट्रोल नव्हे. निळसर रंगाचं, शिसं मिसळलेलं एव्हगॅस लागतं. मोठ्या विमानांत जातं ते रॉकेलच्या जातीचं, ते यात चालत नाही. २०२२ पर्यंत आपला देश हे एव्हगॅस बाहेरून आणत होता. त्या वर्षी इंडियन ऑइलने बडोद्याच्या कारखान्यात ते बनवायला सुरुवात केली. पण म्हणून ते प्रत्येक विमानतळावर मिळतं असं नाही. जिथे मिळत नाही तिथे पिंपांची सोय आपण करायची. मुंबईत मोठ्या विमानतळावर अशा छोट्या विमानाला उतरायची वेळ मिळवणंच कठीण, उभं करायला जागा त्याहून कठीण. टाटा उतरले ते जुहू आता मुख्यतः हेलिकॉप्टरांचं आहे.

भाच्याने एक तोड काढली. आपण वापरत नसू तेव्हा बाजारातल्या इतर व्यापाऱ्यांना भाड्याने देऊ. तेही जमत नव्हतं. खासगी नोंदणीच्या विमानात भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, त्यासाठी वेगळा परवाना, वेगळी माणसं, वेगळा पसारा. जुनं विमान परदेशातून आणायचं तर डीजीसीएची मंजुरी, त्यात विमानाचं वय बघतात. इंजिनाचंही आयुष्य तासांत मोजलेलं असतं. नव्या सेसना २०६ मधल्या लायकमिंग इंजिनाचे दोन हजार तास झाले की ते उघडून पूर्ण नव्याने बांधायचं. म्हणजे उडालेल्या प्रत्येक तासाला पेट्रोलशिवाय त्या खर्चाचा वाटा बाजूला टाकायचा. आणि न उडालेल्या तासांचाही खर्च असतोच. हँगरचं भाडं, विमा, वर्षाची तपासणी. विमान उडो न उडो, हे चुकत नाही.

मी भाईजानच्या वर्षभराच्या फेऱ्या मांडल्या. मुंबईच्या बारा, हैदराबादच्या सहा, इंदूरच्या पाच. सगळं धरून वर्षाला पंच्याऐंशी तास. त्यातले पावसाळ्याचे चार महिने ढगांच्या मर्जीवर. मी भाभींना म्हटलं, "तुम्ही शंभर माणसांची देग विकत का घेत नाही?" त्या म्हणाल्या, "वर्षातून दोनदा लागते, भाड्याने आणतो." "मग हीपण देगच आहे." भाभींना तेवढ्यात कळलं. भाईजानना कळत होतं, पण ते हलत नव्हते.

मला कोडं पडलं होतं. भाईजान पैशाच्या बाबतीत पक्के. तुरीच्या भावात रुपयाची घासाघीस करणारा माणूस दोन कोटींच्या पुढच्या गोष्टीवर आकडे समोर असूनही अडून का बसतो? मुलाच्या प्रेमाने, असं मला वाटलं होतं. ते अर्धंच खरं होतं.

जूनमध्ये बकरी ईदनंतर मी वही घेऊन गेले. रात्री सगळे झोपल्यावर भाईजान अंगणात खाट टाकून बसले होते. मी आकडे वाचून दाखवले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "यात एक फेरी तू धरली नाहीस. नागपूरची."

आमचे अब्बा २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेले. रात्री दोनला छातीत कळ आली. अकोल्याच्या डॉक्टरांनी जमेल ते केलं आणि नागपूरला हलवा म्हणाले. अडीचशे किलोमीटर. त्या वर्षी मूर्तिजापूर ते बडनेरा रस्त्याची काय दशा होती, ते या भागातल्या कुणालाही विचारा. पाऊस, खड्डे, ॲम्ब्युलन्स बैलगाडीच्या चालीने. भाईजान अब्बांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बडनेऱ्याच्या अलीकडेच सगळं संपलं. मी अमरावतीत रस्त्यावर येऊन उभी होते, की गाडी आली की बसू. गाडी आली, पण पुढे नागपूरला जायचं उरलं नव्हतं.

त्याच रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. आता अमरावती-अकोला दीड-पावणेदोन तासांत होतं. सगळ्यांना आनंद झाला, आम्हालाही झाला. भाईजान मात्र त्या रस्त्यावरून जाताना बडनेऱ्याच्या अलीकडे बोलणं थांबवतात. गाडीत कुणीही असो.

"विमान असतं तर एक तास," ते म्हणाले. "एका तासात नागपूर."

हा हिशेब मी आधीच केला होता. वहीच्या शेवटच्या पानावर, कुणाला न दाखवता. तो दाखवायचा की नाही, हे मला त्या क्षणापर्यंत ठरवता आलं नव्हतं. शिक्षिकेला चुकीचं उत्तर बरोबर म्हणून सोडवत नाही, आणि बहिणीला भावाच्या जखमेवर आकडे ठेववत नाहीत. पण त्या चुकीच्या उत्तरावर अब्बांचा प्लॉट विकला जाणार होता, आणि एक पोरगा, आपण वडिलांचं दुःख भरून काढतो आहोत हे माहीत नसताना, त्या विमानात बसणार होता.

मी म्हटलं, "नसतं झालं, भाईजान."

मग सांगितलं. शिवणीहून रात्री उडायची सोय नाही. डोळ्यांनी जमीन बघत उडायचं तर सूर्यास्तानंतर आपल्याकडे तशी परवानगी नसते. उपकरणांच्या आधाराने उडायचं तर ऑगस्टच्या ढगांत, एका इंजिनाच्या विमानात, झोपेतून उठवलेल्या पायलटने. खुर्च्या काढून स्ट्रेचर बसवायचं, परवानग्या घ्यायच्या. सगळं झालं असतं तरी उजाडायची वाट बघावी लागली असती. अब्बा पहाटे साडेचारलाच गेले होते. "विमान असतं तर ते शिवणीच्या धावपट्टीवर गेले असते," मी म्हटलं, "तुमच्या मांडीवर नाही."

हे शेवटचं वाक्य मी ठरवून आणलं नव्हतं. ते निघून गेलं आणि मला वाटलं, आता भाईजान माझ्याशी कधी बोलणार नाहीत. ते बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, "उजाडायची वाट बघावीच लागली असती? नक्की?" मी म्हटलं, "नक्की." त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. फज्रची अजान झाली तेव्हा आम्ही तिथेच होतो.

प्लॉट विकला नाही. भाच्याला हे सांगायचं काम भाईजाननी माझ्यावर न टाकता स्वतः केलं. पोरगा दोन दिवस जेवला नाही, हे भाभींनी मला फोनवर सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच अमरावतीला आला आणि म्हणाला, "फुफीजान, तुमच्या वहीत माझा खर्चही मांडा." म्हणजे काय? तर लायसन्स जिवंत ठेवायला त्याला उडत राहावं लागतं, आणि दुसऱ्यांना शिकवण्याच्या रेटिंगची तयारी करायची तर आणखी तास हवेत. एअर इंडिया बेलोऱ्याला पायलट घडवण्याचं केंद्र उभारते आहे. त्यांनी ३४ विमानांची ऑर्डर दिल्याचं जाहीर केलं आहे, ३१ एका इंजिनाची आणि तीन दोन इंजिनांची. गंमत म्हणजे ही इंजिनंही पिस्टनचीच, पण मोठ्या विमानांचं इंधन पिणारी. एव्हगॅसची कटकटच नाही. "शिकवणारे लागतीलच ना," भाचा म्हणाला. आम्ही बसून हिशेब मांडला. विमानाच्या किमतीपुढे तो इतका लहान निघाला, की भाईजाननी एका हंगामाच्या नफ्यातून द्यायचं कबूल केलं. शेत नाही, प्लॉट नाही. सध्या तो एका फ्लाइंग स्कूलमध्ये तास पुरे करतो आहे. नोकरीचं अजून नक्की काही नाही. मोहल्ल्यातले लोक अजून विचारतात. तो आता म्हणतो, "उडतोय की. पगार तेवढा सुरू व्हायचाय."

मधल्या सुट्टीत तो घरी आला होता, तेव्हा त्याने हट्टाने दादीला बेलोऱ्याहून मुंबईला नेलं. अम्मी पहिल्यांदाच विमानात बसत होत्या. मी पोहोचवायला गेले होते. भाच्याने व्हीलचेअर आणली, काउंटरवर बॅग ठेवली, तिचं वजन झालं, चिठ्ठी लागली. अम्मी काउंटरसमोरून हलेनात. त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली होती आणि बॅग जिथून गेली त्या पट्ट्याकडे बघत होत्या.

"दादी, चला ना," भाचा म्हणाला.

"माझं व्हायचंय अजून," अम्मी म्हणाल्या.